जयराजच्या गाडीतला जपानी टीव्ही

जोतीराम हवालदाराने फौजेत पंचवीस वर्षं बिनतारी संच दुरुस्त केले होते, पण पोराच्या गाडीतल्या पडद्यापुढे त्याचं काही चालेना.

पोरगा, जयराज, टांझानियात साखर कारखान्यावर फिटर होता. कायमचा परतताना तिथं वापरलेली जुनी जपानी गाडी त्याने जहाजातून पलूसला आणली. गाडीत टीव्ही होता, रस्ता दाखवणारं यंत्र होतं, पण अक्षरं सगळी जपानी. त्याच्या वाटेला कुणी गेलंच नाही. पुढे जयराजच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि तीच गाडी आठवड्यातून दोनदा मिरजेच्या दवाखान्याला जाऊ लागली. चालवायचा म्हातारा.

डायलिसिसला चार तास लागत. जोतीराम खाटेशेजारी बसून नळीतून फिरणारं रक्त बघायचा आणि टॉवेलात तोंड खुपसायचा. एकदा जयराज म्हणाला, "आबा, गाडीतला टीव्ही तेवढा चालू करा की. हितनं सुटल्यावर गाडीत जरा मॅच बघत पडीन."

"आत्ता बघतो," म्हणत म्हातारा उठला तो थेट शमशेरच्या दुकानात. शमशेर मिरजेच्या एसटी स्टँडमागे गाड्यांचं वायरिंग करायचा. त्याने संच खोलून पाहिला.

"मामा, ह्यो अँटिनावरचा टीव्ही. जपानची पद्धत येगळी, आन् आपलं अँटिनावरचं बी आता बंद पडलंय. आवघड हाय."

"आवघड हाय म्हंजे हुतंय," जोतीराम म्हणाला.

तेव्हापासून जयराजला यंत्राला जोडलं की तो दुकान गाठायचा. मोबाईलचा कॅमेरा अक्षरांवर धरून दोघं अर्थ काढत, आणि जोतीराम फौजी शिस्तीने एकेक बटण वहीत उतरवी. नकाशा फक्त जपानचा निघाला. गाडी मिरजेत उभी, पडद्यावर मात्र चहूकडं निळं पाणी.

"बुडालो की रं गड्या!" जोतीराम म्हणाला आणि कितीतरी महिन्यांनी खळखळून हसला. हसल्याचं त्याचं त्यालाच कसंसं झालं.

संचाच्या पाठीमागे दुसऱ्या यंत्रातलं चित्र घ्यायची जागा सापडली. हँडब्रेक ओढल्याशिवाय चित्र येत नाही, हे कळायला आणखी दोन फेऱ्या गेल्या. सहाव्या आठवड्यात, एका दुपारी, शमशेरने मोबाईल जोडला आणि पडद्यावर हिरवंगार मैदान उमटलं. जोतीराम धापा टाकत दवाखान्यात आला.

"झाला बग चालू! मॅच दिसतीया!"

जयराज नुसता हसला.

"आबा, मला कुठली मॅच बघायचीय? तुमी हितं बसून रडत हुता, मला बघवंना. म्हणून काम लावलं तुमाला."

जोतीरामने हातातली वही खिशात घातली.

"पर आता बसता का जवळ?" जयराजचा आवाज बारीक झाला. "एकट्याला लय भ्या वाटतं."

म्हाताऱ्याने स्टूल ओढलं आणि सुई नसलेला हात दोन्ही हातांत धरला. त्यानंतर तो दुकानाकडे फिरकला नाही. रडला पण नाही. जयराज टांझानियातल्या उसाच्या, तिकडच्या माणसांच्या गोष्टी सांगायचा. एवढी वर्षं पोरगा परमुलखात कसा राहिला, हे बापाला पहिल्यांदाच कळत होतं. डायलिसिसचे असे नऊ दिवस मिळाले. दिवाळीच्या आठवड्यात, पहाटे घरीच, जयराज गेला.

तेराव्यानंतर शमशेर पलूसला भेटायला आला. ओसरीवर टेकला, घुटमळला आणि म्हणाला, "मामा, मनाला लागून ऱ्हायलंय. पोरगं तिकडं दवाखान्यात एकटं, आन् मी तुमाला दुकानात अडकवून ठिवलं."

"न्हाई रं. तू न्हाई अडकवलंस," जोतीराम म्हणाला. "मला तिथं बसवत न्हवतं. मीच पळत हुतो. आन् त्येला ते कळत हुतं."

आतून सून, जयराजची बायको संयोगिता, चहा घेऊन आली. तिने सगळं ऐकलं होतं. कप ठेवून ती आत गेली नाही, सासऱ्याजवळ खालीच बसली.