मुकी नळी

कारखाना विकला गेला तेव्हा जोडारी डगमगला नाही. मालक काय, येतात नि जातात. थोरले मालक थकले, त्यांच्या मुलांना बंदुकांत काडीचा रस नव्हता, म्हणून नव्या बाई आल्या. पण बाईंनी जुन्या गल्लीतला कारखाना उचलून गावाबाहेरच्या वसाहतीत न्यायचं ठरवलं, तेव्हा ते मात्र त्याला काही केल्या पचेना.

कारखाना म्हणजे तरी काय, सात माणसं आणि चार खोल्या. वर्षाकाठी मोजक्या दुनळी बंदुका, सगळ्या हाताने घडवलेल्या. दोन नळ्या शेजारी ठेवून डाख देऊन, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधून, जोडायच्या, हे जोडाऱ्याचं काम. जोडी झाली की ती दोरीला टांगायची आणि लाकडी मोगरीने हलकेच टिचकी मारायची. चांगली जोडी घंटेसारखी घुमत राहते. वाईट असेल तर थड्ड करून गप्प होते. तिला कारखान्यात मुकी म्हणत. डाख कुठे सुटला असेल तर नळी मुकी होते, आणि लोखंडात केसाएवढी चीर असेल तरीही होते. पहिल्यात फारसं भय नाही. दुसरी मात्र एखाद्या दिवशी बार काढता काढता फाटते आणि माणसाचा हात घेऊन जाते. कोणती मुकी कशामुळे, ते उघडून पाहिल्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळत नाही.

आता गंमत अशी, की जुन्या जागेत यासाठी चिठ्ठी नव्हती की खूण नव्हती. बोलकी जोडी मांडणीवर दाराकडे तोंड करून ठेवायची, मुकी भिंतीकडे तोंड करून. शाळेत मास्तरांनी कोपऱ्यात उभं करावं तशी. सरकारी शिक्का बसायचा तो अगदी शेवटी, चांदमारी, म्हणजे निशाणावर बार काढून तपासणी, झाल्यावर. तोवर त्या खोलीत दार आणि भिंत यांच्यावर सगळा कारभार होता, आणि तीस वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती.

सामान बांधायच्या आधी बाईंनी सरळ विचारलं होतं, "नळ्यांना चिठ्ठ्या लावून घेऊ या का? हमाल नवे आहेत."

"चिठ्ठ्या लावायला हे काय किराणा मालाचं दुकान आहे?" जोडारी म्हणाला. "माझ्या डोक्यात आहे सगळं."

सगळे हसले. बाईही हसल्या आणि विषय संपला. त्यानंतर आठवड्याभरात सातांतली चार माणसं कामावरून कमी होऊन घरी गेली. उरले ते जोडारी, दस्ते घडवणारा सुतार आणि जोडाऱ्याची लेक. लेक बंदुकांवर नक्षी कोरायची, आणि हात बापापेक्षा चांगला होता, हे बापच लोकांना सांगत फिरायचा. चांदमारीसाठी बाईंनी स्वतःचा नेमबाज आणला. हा गृहस्थ सदा हसतमुख, येता जाता "काका, काका" करणारा, दोन लहान मुलींचा बाप. जोडाऱ्याच्या मते तो बाईंचा कान होता. त्याच्यासमोर चहासुद्धा जपून प्यावा.

नव्या जागेत येऊन काही आठवडे झाल्यावर एके दिवशी सकाळी जोडारी मुक्या जोड्या उघडायला बसला. मांडणीकडे पाहिलं आणि हात तिथल्या तिथे थांबला. सगळ्या नळ्यांची तोंडं दाराकडे होती. हमालांनी मोठ्या टापटिपीने एका ओळीत लावल्या होत्या, त्या बिचाऱ्यांचं काय चुकलं? तो इतके दिवस याच मांडणीसमोर वावरला होता आणि त्याला दिसलं नव्हतं. दाराकडे तोंड म्हणजे बोलकी, एवढंच हाताला ठाऊक. हाताने आपली जोडी उचलली होती.

त्याने दोरी बांधली आणि एकेक जोडी टांगून वाजवली. मुक्या तीन असायला हव्या होत्या. सापडल्या दोन.

तिसरी कुठे, हे शोधायला लांब जायला नको होतं. नव्या जागेत आल्यापासून त्याने एकच जोडी उचलली होती. तिला दस्ता बसला, नक्षी झाली, आणि ती बंदूक आज जेवणानंतर चांदमारीला जायची होती. नेमबाज ती खांद्याला लावणार होता.

जोडाऱ्याने मोगरी खाली ठेवली. तो स्टुलावर बसला. सांगायला हवं, हे कळायला काही अक्कल लागत नव्हती. बाईंची काचेची खोली समोर वीस पावलांवर होती. तो उठला, गेला, दार ढकललं.

"काय हो?" बाईंनी मान वर केली.

"काही नाही. माझ्या डोक्यावरचा पंखा आवाज करतो."

"सांगते इलेक्ट्रिशियनला."

तो परत आला. किराणा मालाचं दुकान हे शब्द त्याच्याच कानात वाजत होते. चार माणसं घरी गेली, त्यांनी तर काही केलंसुद्धा नव्हतं. या वयात दुसरीकडे कोण उभं करणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि लेकीचं काय? बापाची अशी शोभा झाल्यावर तिला तरी ठेवतील का? मग मनाने दुसरी वाट काढली, भित्र्या मनाला वाटा फार सापडतात. डाखच सुटला असेल. दहांतल्या नऊ वेळा डाखच असतो. शिवाय तिसरी मुकी जुन्या जागेत भंगारात गेली नसेल कशावरून? जेवण होऊ दे, मग बघू. आणि त्या नेमबाजाला थोडी धास्ती बसली तर बसू दे, फार हसतो. हा विचार मनात येऊन गेला आणि त्याची त्यालाच किळस आली. पण तो उठला मात्र नाही.

जेवणात लक्ष नव्हतं. घास तोंडात फिरत राहिला. सुतार म्हणाला, "काय रे, पोट बरं नाही?" तो म्हणाला, "हो, तसंच."

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "अहो, लेकीला निरोप द्या. कानात बोळे नीट घाल म्हणावं. मागच्या वेळी दोन दिवस कान धरून बसली होती."

"कसले बोळे? ती वर नक्षीच्या टेबलावर आहे."

"वर कुठली? लवकर जेवून चांदमारीला गेलीय ना. त्या नेमबाजाचा खांदा धरलाय म्हणे, तर आज हीच बार काढणार. मला बारा वाजताच फोन करून सांगितलं, किती खुशीत होती. आता तिचा फोन लागत नाही, तिथं फाटकावर ठेवून घेतात ना. अहो, ऐकताय ना?"

तो ऐकत नव्हता. खुर्ची मागे पडली ती त्याने उचलली नाही. बाईंची खोली रिकामी होती, त्याही तिकडेच गेल्या होत्या. त्याने चांदमारीच्या फाटकावर फोन लावला, घंटा वाजत राहिली, कोणी उचलेना. मग तो धावत सुटला.

चांदमारी वसाहतीच्या मागच्या बंद पडलेल्या खाणीत होती. रस्ता कच्चा, सगळा चढाचा. गोदामं मागे पडली तसा पहिला आवाज आला. धाड, धाड. दोन बार. जोडाऱ्याला वाटलं, दोन्ही नीट निघाले. मग शांतता. ती शांतता त्याला सोसवेना. काडतुसं भरतेय, फक्त काडतुसं भरतेय, असं तो मोठ्याने म्हणत धावत होता. पुन्हा धाड, धाड. जिवंत आहे. प्रत्येक बाराला तो मरत होता आणि बार होऊन गेल्यावर जगत होता. तिच्या जन्माच्या वेळी दवाखान्याच्या ओट्यावर बसून त्याने असाच एकेक आवाज मोजला होता, पण तेव्हा आत जाऊन काही थांबवणं त्याच्या हातात नव्हतं. आज होतं. सकाळपासून होतं.

पुन्हा शांतता झाली आणि ती लांबली. त्याच्या पायांत गोळे आले. दम तुटला. समोरचा वळसा टाळून तो दगडांवरून घसरत थेट खाणीत उतरला, आणि उतरला तो नेमका निशाणांच्या बाजूने.

लेक उभी होती. बंदूक खांद्याला होती. तिने बापाला पाहिलं आणि नळी खाली केली.

"वेड लागलंय का तुम्हाला?" बाई पुढे आल्या. "बार काढत असताना समोरून येतात?"

"मुकी आहे ती," तो म्हणाला. "बाळा, खाली ठेव. खाली ठेव ती."

तिने ठेवली. त्याने धापा टाकत कसंबसं सांगितलं, दाराकडे तोंड, भिंतीकडे तोंड, हमाल, तीन आणि दोन. मग नेमबाजाने एका हाताने बंदूक लाकडी घोडीवर बसवली, लेकीने ती आवळली, आणि सगळे दगडी भिंतीमागे जाऊन उभे राहिले. चापाला बांधलेली दोरी नेमबाजाने ओढली.

बार निघाला. बंदूक जशीच्या तशी. पुन्हा भरली, पुन्हा ओढली, पुन्हा काही नाही. बाईंनी जोडाऱ्याकडे पाहिलं. आता आपली लाज राखायला ती फाटावी, असं क्षणभर त्याला वाटून गेलं. काय एकेक वाटतं माणसाला.

तिसऱ्यांदा आवाज वेगळा आला. भिंतीवर काहीतरी आपटून खडे उडाले.

धूर निवल्यावर ते जवळ गेले. चापाच्या पुढे वीतभर अंतरावर डावी नळी फाटून तिचा पत्रा बाहेर वळला होता. घोडीच्या लाकडाचा तुकडा निघाला होता. बार काढताना माणसाचा डावा हात तिथेच असतो. लेकीने आपला डावा हात उलटसुलट करून पाहिला आणि मग तो खिशात घातला.

"वेळेवर आलात," बाई शेवटी म्हणाल्या. "चिठ्ठ्यांचं उद्या बोलू. चूक माझीही आहे, तुम्ही सगळे हसलात म्हणून मी गप्प बसले." नोकरी जाणार नव्हती. सकाळी एवढं कळलं असतं तर, असं त्याच्या मनात आलं आणि पुढचं त्याने मनातही म्हटलं नाही.

नेमबाजाने चांगल्या हाताने त्याचा हात धरला आणि सोडेचना. "काका, खांदा धरला नसता तर हे माझ्याच हातात होतं. धाकटी अजून माझ्या हातावर झोपते हो. तुमचे उपकार कसे फेडू?"

जोडाऱ्याने मान हलवली. त्याला त्या माणसाच्या तोंडाकडे पाहता येईना.

परत निघाले तेव्हा बाई आणि नेमबाज पुढे होते. बापलेक मागून चालत होती. तिने त्याचा दंड धरला होता, लहानपणी गर्दीत धरायची तसा.

"बाबा, तिसरी सापडत नाही हे तुम्हाला कधी कळलं?"

"सकाळी," तो म्हणाला. "आल्या आल्या."

ती दोन पावलं चालली. "आणि बार मी काढणार आहे, हे?"

रस्ता उताराचा होता, तरी पाय उचलेना.

"आत्ता. आईचा फोन आला तेव्हा."

तिने दंड सोडला. रागावली नाही, नुसती चालत राहिली. उताराच्या शेवटी ती थांबली आणि पुढे चाललेल्या नेमबाजाकडे तिने मान वळवली.

"त्यांना सांगा."

"बाळा, आता सगळं नीट झालं आहे..."

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

सकाळपासून किती भीती वाटून झाली होती, पण अशी नव्हती वाटली. या भीतीपासून कुठे धावायचं तेच कळेना. त्याने नेमबाजाला हाक मारली, आणि हाक इतकी बारीक निघाली की ती ऐकू जाणार नाही, अशी त्याला आशा वाटली.

नेमबाज थांबला. दुखरा खांदा सांभाळत वळला, हसला, आणि "बोला ना, काका," म्हणत त्याच्याकडे परत यायला लागला.