काउंटरखालचे बूट

एक दुकान डोळ्यांसमोर आणा बघू. डोळे मिटू मात्र नका, नाहीतर पुढचं वाचणार कसं? दुकान पेन्सिलीच्या डबीसारखं लांबुडकं आहे. दाराशी छातीइतका उंच लाकडी काउंटर. आत एक रंगवलेला पडदा, त्यावर तळं आणि तळ्यात दोन बदकं. पडद्यापुढे गोल स्टूल. आणि सगळ्यांत मागे एक काळं दार. ते उघडलं की लाल दिवा, आणि नाकात झिणझिण्या आणणारा आंबूस वास. आलं डोळ्यांसमोर? आता तिथे तुमच्याएवढीच एक मुलगी उभी करा आणि तिच्या गळ्यात तिला न पेलणारा कॅमेरा अडकवा.

तिला सगळे टिल्ली म्हणायचे. शाळेच्या रांगेत ती नेहमी सगळ्यांत पुढे असायची, त्यावरून काय ते समजा. दुकान तिच्या आजोबांचं, म्हणजे आईच्या बाबांचं. चाळीस वर्षं त्यांनी तिथे फोटो काढले. रडकी बाळं हसवली, नवरदेवांचे टाय सरळ केले, ओळखपत्रासाठी आलेल्यांना "मान जरा वर" म्हणून म्हणून स्वतःची मान दुखवून घेतली. आता त्यांचे हात थरथरायचे. थरथरत्या हातांनी चहा पिता येतो, फोटो काढता येत नाही, असं ते म्हणायचे.

दुकान उद्या रिकामं करून द्यायचं होतं. काउंटर सुतार घेऊन जाणार होता, कारण आजोबांच्या नव्या घराच्या दारातून तो आत शिरलाच नसता.

"एकच रोल उरलाय," आजोबा म्हणाले. "टिल्ले, तू मला माझं दुकान काढून दे. नव्या घरी समोरच्या भिंतीवर लावीन. सकाळी उठल्या उठल्या दिसलं पाहिजे."

"मी? मामाला सांगा ना."

"तुझा मामा फोटो काढतो तेव्हा स्वतःचा अंगठाही काढतो."

"एकदाच झालं होतं ते, बाबा!" खोक्याला दोरी बांधता बांधता मामा ओरडला.

आजोबांनी तिला शिकवलं. लेन्सभोवतीची ही कडी फिरवायची, धुरकट दिसणारं लख्ख होईपर्यंत. मग श्वास धरायचा आणि बटण दाबायचं. अंधार असेल तिथे फ्लॅश.

"आणि उभी कुठे राहू?"

आजोबा हसले. गिऱ्हाइकं त्यांना शिकवू लागली, इकडून काढा, तिकडून काढा, की ते जे उत्तर द्यायचे, तेच त्यांनी नातीला दिलं. "ज्याच्या हातात कॅमेरा, जागा त्याने ठरवायची."

दुपारभर टिल्ली दुकानात फिरत होती. कधी स्टुलाखाली, कधी पडद्यामागे. एकदा तर ती दिसेनाशीच झाली आणि काउंटरच्या खालून फ्लॅश चमकला.

रोल अजून पुरता संपला नव्हता, पण आजोबांना धीर कुठला! घाईचे फोटो असले की ते एक गोष्ट करायचे, तीच आज केली. काळ्या दाराआड, मिट्ट अंधारात, नुसत्या बोटांच्या अंदाजाने रोलचा वापरलेला भाग कापला आणि उरलेला तुकडा पुन्हा कॅमेऱ्यात भरला. या कामात मात्र त्यांचे हात थरथरले नाहीत. फिल्म धुऊन वाळल्यावर लाल दिव्याखाली, ट्रेमधल्या रसायनात, कोऱ्या कागदावर टपालाच्या तिकिटांएवढी चित्रं हळूहळू वर येऊ लागली. टिल्ली श्वास धरून बघत होती. आजोबाही. इतक्या वर्षांनंतरही त्यांना तो क्षण जादूचाच वाटायचा.

कागद बाहेर आणला, आणि मामाने तो उजेडात धरला.

"हे काय गं? स्टुलाचे पाय. पडद्याची शिवण. बाबांची हनुवटी, तीही खालून! दारावरची पाटी कुठंय? अख्खं दुकान कुठंय? बाबा, हिने रोलची पार वाट लावली."

टिल्लीचं तोंड एवढंसं झालं. तिला तर सगळं असंच दिसलं होतं. पण उद्या दुकान नसणार, आणि आजोबांची भिंत कोरीच राहणार. तीही तिच्यामुळे.

आजोबांचं तिकडे लक्षच नव्हतं. भिंग घेऊन ते एकाच चौकोनावर वाकले होते.

"टिल्ले, हे बूट कुठले?"

"काउंटरच्या आतल्या फळीवर आहेत," ती पुटपुटली. "कुणीतरी पेन्सिलीने काढलेत. खूप आहेत."

"माझ्या काउंटरवर? आणि मला माहीत नाही?"

आत दिवे कागदात गुंडाळत बसलेली टिल्लीची आई उठून आली. तिने भिंग घेतलं आणि तशीच खोक्यावर टेकली.

"अगंबाई! अजून आहेत?"

"तू काढलेस?" आजोबांनी विचारलं.

"शाळा सुटली की इथेच तर असायचे मी, काउंटरच्या आत. तुम्ही वर कामात. पुढच्या फळीखाली वीतभर फट आहे ना, तिथून मला गिऱ्हाइकांचे फक्त बूट दिसायचे. मग तेच काढायचे. हे बघा, हे नवरदेवाचे, कसे चकचकीत. हे पोस्टमनचे, टाच झिजलेली."

"मला वाटायचं, तू झोपलेली असतेस."

"झोपते कसली! एवढे बूट काढायचे असताना?"

"आणि हे सगळ्यांत मोठे? नाडी सुटलेले?"

"ओळखा," आई म्हणाली.

आजोबांनी खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. डाव्या बुटाची नाडी सुटून लोळत होती.

"रोज सांगायचे मी, बाबा, नाडी. तर तुम्ही म्हणायचात, हो हो, हा एवढा फोटो होऊ दे."

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग कॅमेऱ्यावरचा आकडा बघून म्हणाले, "एक उरलाय. शेवटचा."

"चला, बाहेर चला सगळे!" मामा म्हणाला. "उजेड जायच्या आत पाटीचा काढू. दे टिल्ले, मी काढतो. अंगठा खिशात ठेवतो हवं तर."

"बाबा, तुम्ही सांगा," आई म्हणाली.

"मला काय विचारता?" आजोबा म्हणाले. "कॅमेरा कुणाच्या हातात आहे?"

टिल्लीने दारातून बाहेरच्या पाटीकडे एकदा पाहिलं. मग ती वळली.

"आजोबा, तुम्ही काउंटरमागे तुमच्या जागेवर उभे राहा. आई, तू माझ्याबरोबर ये."

ती काउंटरच्या आत शिरली. मागून आई शिरली, डोकं आपटलं, आणि खुदकन हसली. दोघी गुडघे पोटाशी घेऊन बसल्या. समोर ते मोठे बूट येऊन थांबले. आजोबा नाडी बांधायला वाकू लागले.

"नको आजोबा, राहू दे तशीच," टिल्ली म्हणाली. नाडी लख्ख दिसेपर्यंत तिने कडी फिरवली, श्वास धरला आणि बटण दाबलं.