शकूची भीती मी वाहून नेली

मी शकूच्या अंगातला मज्जातंतू बोलतोय. मेंदूपासून निघून काखेत, छातीत, बोटांच्या टोकांपर्यंत पसरलोय. इकडचा निरोप तिकडे नेणं, एवढंच माझं काम. निरोप बरा की वाईट, हे मी कधी विचारलं नाही.

शकू आगरदांड्याजवळच्या कोळीवाड्यातली. नवरा शिवदास मासेमारीच्या होडीवर. दिवाळीत बोंबील वाळत घालायला तिने एक हात वर केला आणि दुसऱ्या हाताला छातीतली गाठ लागली. दुखत नव्हती. तरी ती घाबरली. ती भीती माझ्यातून खाली धावली.

त्यांच्या घरात रीत होती, माणूस दर्यात जाणार असेल तर वाईट बोलायचं नाही. शिवदास दोन दिवस घरी येई, पुन्हा निघे.

"काय गो, बोंबलासारखी सुकलीस?"

"बोंबलाला गिऱ्हाईक तरी हाय. तुमाला कोन घेतंय?"

तो हसत निघून जाई. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढली की गाठीचं सांगू, असं तिने ठरवलं. सहा महिने मी रोज भीती वाहत राहिलो.

शरीरात पांढऱ्या पेशींचा पहारा असतो. बिघडलेली पेशी दिसली की त्या तिला मारतात. पण भीतीचा निरोप सारखा आला की सगळं बळ बाहेरच्या संकटाकडे वळतं आणि आतला पहारा ढिला पडतो. तो निरोप नेणारा मी. गाठीने तर माझ्या फांद्याही आपल्यात ओढून घेतल्या.

मे महिन्यात मुलीला, दिशाला, आईच्या चोळीवर डाग दिसला.

"आये, कवापासून हाय ह्ये? आनि गप ऱ्हायलीस?"

"तुझा बाप दर्यात व्हता ना!"

अलिबागच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, काळजी केली म्हणून गाठ आली असं मनात आणू नका. चूक तुमची नाही. फक्त लवकर यायला हवं होतं." आजार हाडांत उतरला होता.

औषधांनी गाठ थोडी आकसली, पण माझी टोकंही जळाली. बोटं बधिर झाली.

आता शिवदास समुद्रावर जात नाही. खाटेजवळ बसून असतो, एक शब्द बोलत नाही. काल शकूने डोळे उघडले, खाली पाहिलं आणि विचारलं, "माझा हात धरलाय व्हय तुमी?"

त्याने नुसती मान हलवली.

शिवदास, तुझा हात आता माझ्याकडून तिच्यापर्यंत पोचणार नाही. तिचे कान अजून चांगले आहेत. काहीतरी बोल.