मनोऱ्यातली पाटी

"सिरिल, जरा पाटीखाली सरक ना! अन् चेहरा काय असा केलायस, एरंडेल प्यायल्यासारखा?" चर्चच्या मनोऱ्यात कॅमेरा धरलेली जिलियन म्हणाली. नेदर कोम्बच्या इतिहास मंडळाची ती चिटणीस. गावावरचं पुस्तक निघायचं होतं आणि तिच्या अंगात नुसतं वारं शिरलं होतं.

पाटीवर सोनेरी अक्षरं होती: १९६२, आठ घंटा, पाच हजार चाळीस फेरे, तीन तास, एकही चूक नाही. खाली आठ नावं. घंटांचा क्रम बदलायचे हुकूम देणारा सिरिल टॅपस्कॉट. आठांतली दोघंच उरली होती, तो आणि आत्ता शेजारी उभी असलेली विनी. विनीचा नवरा लेस्लीही त्या आठांतला, आता खाली चर्चच्या आवारात निजलेला. त्याच्या थडग्यावरही 'एकही चूक नाही' हीच ओळ कोरलेली.

चूक नाही म्हणे! कप्पाळ! दर फेऱ्याला घंटांचा क्रम नवा, एकदाही पुन्हा येता कामा नये, हा नियम. दुसऱ्या तासाला सिरिलनं भलत्या जागी हुकूम दिला आणि झालेलेच फेरे पुन्हा सुरू झाले. दोर ओढणाऱ्यांचं लक्ष आपापल्या घंटेवर. सगळा क्रम एकट्या त्याच्या डोक्यात. 'थांबा' म्हणणं त्याचं काम होतं. पण खाली अख्खं गाव कान देऊन उभं. विशीतल्या सिरिलची जीभच उचलली नाही. त्यानं पुढं कसंबसं सावरून घेतलं. साठ वर्षं लोक पाठ थोपटत आले आणि साठ वर्षं तो मेल्याहून मेल्यासारखा होत आला.

जिलियन फोटो काढून खाली गेली.

"विनी, तो विक्रम खोटा आहे," सिरिल म्हणाला, आणि त्यानं सगळं सांगून टाकलं.

विनी बाकावर बसली.

"लेस्लीच्या हातांची सालटी निघाली होती रे. आठवडाभर मलम लावत होते मी."

"ठाऊकाय मला."

"अन् त्याला बोलला नाहीस? रोज मांडीला मांडी लावून बिअर ढोसायचास त्याच्यासोबत!"

"लाज वाटली गं."

"लाज असती तर तेव्हाच थांबला असतास."

"जिलियनला सांगतो आत्ता. पाटी उतरवतो."

"पाटी उतरवशील. त्याच्या थडग्यावरच्या दगडाचं काय करशील?"

विनी उठली.

"आणि ऐक. मी गेले ना, की माझ्यासाठी घंटा वाजवायला तू येऊ नकोस."

"नाही येणार."

जिना अरुंद, गोल, पायऱ्या झिजलेल्या. गुडघे गेल्यापासून विनी त्याचाच हात धरून उतरायची. त्यानं सवयीनं हात पुढं केला. ती भिंतीला तळवा टेकवत, एकेक पायरी, एकटीच उतरत गेली.