कोल्हिणीचा मंत्र

मिरगुल आणि अनिपा यांनी नारीन या डोंगराळ गावात शिकवणीचे वर्ग काढले, तेव्हापासून मी त्यांच्याकडे गणित शिकवत होतो. मिरगुल इंग्रजी शिकवायची आणि अनिपा रशियन. पण शेगडी पेटवण्यापासून पालकांची समजूत घालण्यापर्यंत सगळं अनिपाच बघायची, कारण मिरगुलचं अर्धं लक्ष दुसरीकडे असायचं. ती राजधानी बिश्केकच्या एका बातम्यांच्या संकेतस्थळासाठी लिहायची, आणि उरल्या वेळात मुलांकडून लोकरीच्या बाहुल्यांचं नाटक बसवून घ्यायची.

"तीन लग्नांना जाणारा उपाशीच घरी येतो," अनिपा तिला टोमणा मारायची.

"पण तिन्हीकडची गाणी ऐकून येतो ना, एजे!" मिरगुल हसून म्हणायची.

एजे म्हणजे थोरली बहीण. तशी अनिपा शेजारची, पण लहानपणी मिरगुलला कडेवर घेऊन ती गल्लीभर हिंडली होती.

त्या वसंतात आमच्या वर्गातल्या मुलांनी कमाल केली. डोंगरापलीकडच्या निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेत पूर्वी कधी नव्हे इतकी मुलं निवडली गेली. अनिपाने टोपलंभर बोर्सोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळून गल्लीत वाटले. आयदायची आई तर तिच्या गळ्यात पडून रडली. आयदाय वर्गात जेमतेमच होती, तरी तीही निवडली गेली होती.

पुढच्या आठवड्यात मिरगुलला संपादक दानियारचा फोन आला. त्या परीक्षेचा पेपर फुटला होता आणि तोही नारीनमध्येच, अशी कुणकुण त्याला लागली होती. मिरगुल चवताळून कामाला लागली. झूरा नावाच्या परिचारिकेचा मुलगा हुशार असून निवडला गेला नव्हता. झूराने तिला फोनवर फिरलेला एक फोटो दाखवला. त्यात प्रश्नांच्या उत्तरांची नुसती अक्षरं होती, ओळीने.

"बाजारापलीकडच्या त्या वर्गवाल्यांचंच काम आहे हे, बायके," मिरगुल मला म्हणाली. मी वयाने मोठा, म्हणून ती मला दादाच्या मानाने बायके म्हणायची. "या वेळी त्यांचं बिंग फोडतेच बघा."

शनिवारी नाटकाची तालीम होती. कोल्हीण लांडग्याच्या गुहेपुढे उभी राहून मंत्र म्हणते आणि दार उघडतं, असा प्रसंग होता. मंत्र काही लिहिलेला नव्हता. "सुचेल ते म्हण गं," मिरगुल म्हणाली. आयदायने हातातली कोल्हीण नाचवली आणि चालीत सुरू केलं, "अ क क ड, ब अ ड ड, क ब ब अ..."

बाकीची मुलं खिदळली आणि तिच्या सुरात सूर मिसळून पुढची अक्षरं म्हणू लागली. कोणी चुकलं नाही.

झूराच्या फोटोतलीच अक्षरं होती ती, त्याच क्रमाने. मिरगुलने तालीम थांबवली. "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"अनिपा एजेंनी," आयदाय म्हणाली. "परीक्षेच्या आधी. चालीवर म्हटलं की विसरत नाही म्हणाल्या."

मुलं गेल्यावर मिरगुल आतल्या खोलीत आली. अनिपा चहा ओतत होती, मी फळा पुसत होतो. मी जायला निघालो, तर अनिपा म्हणाली, "थांबा तुम्ही. तुम्हीही ऐका."

"एजे, पेपर कुठून आणलास?"

"कुठून आणला विचारतेस. का आणला ते विचार ना." अनिपाने किटली खाली ठेवली. "तू त्या खाणीच्या बातमीमागे महिनाभर गेलीस, तेव्हा तुझे इंग्रजीचे तास कुणी घेतले? मी! मला धड चार वाक्यं येत नाहीत. पालकांना मी सांगायचे, मिरगुल आजारी आहे. तू परत आलीस ती बाहुल्या घेऊन बसलीस. पोरांची तयारीच नव्हती गं. परीक्षा तोंडावर आली, कोणीतरी म्हणालं उत्तरांचा कागद मिळतोय. घेतला मी."

"मला सांगायचंस तरी."

"कधी सांगू? तू बसायचीस तरी का माझ्यासमोर?"

मिरगुल तिच्यासमोर खाली बसली. अनिपा हळू आवाजात म्हणाली, "आता लिहिणार असशील."

दोन दिवस मिरगुल वर्गावर आली, शिकवून गेली. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. मग ती माझ्या घरी आली आणि म्हणाली, "बायके, मी गप्प बसले तर?"

"तर झूराचा मुलगा कायमचा नापास," मी म्हणालो. "आणि बोललीस तर अनिपा बुडाली. मी काय सांगू?"

तिने माझ्यासमोरच, स्पीकर चालू ठेवून, दानियारला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ही बातमी तुला लिहिता येणार नाही, मिरगुल. तूच त्यातली एक आहेस. मी दुसऱ्या कुणाला पाठवतो, तू त्याला सांग." वर्ग हातचा जाईल, हे तिने गृहीत धरलं होतं. पण आपली जागा बातमी लिहिणाऱ्याची नाही, ही गोष्ट तिच्या ध्यानातच आली नव्हती. फोन ठेवल्यावर ती लहान पोरीसारखी रडली.

बातमीत तिने स्वतःचं आणि वर्गाचं नाव घालायला लावलं. निकाल रद्द झाला, परीक्षा पुन्हा घ्यायची ठरली. आयदायच्या आईने जिन्यातच मिरगुलला गाठलं. "माझ्या लेकीच्या तोंडातला घास काढलास! काय मिळालं गं तुला?" मिरगुल मान खाली घालून म्हणाली, "तिला पाठवा. रोज शिकवते. मी कुठेही जाणार नाही." आयदाय आली नाही. दुसरी कोणी दोन-तीनच आली, त्यांना ती सकाळ-संध्याकाळ घेऊन बसायची. नाटक तर कधीच बंद पडलं होतं.

फेरपरीक्षेत झूराचा मुलगा निवडला गेला, आयदाय राहिली. वर्गाला कुलूप लागलं. मिरगुल आता आत-बाशी गावच्या सरकारी शाळेत शिकवते. दानियार अधूनमधून काम देऊ करतो, ती नको म्हणते.

अनिपाने मॉस्कोला भाचीकडे जायचं ठरवलं. ती निघाली त्या सकाळी मी मिरगुलला घेऊन गाडीतळावर गेलो. अनिपा बिश्केकच्या गाडीत खिडकीपाशी बसली होती. मिरगुल काचेजवळ गेली. अनिपाने काच जराशी खाली केली.

"टोपी नाही घातलीस," ती म्हणाली. "जा घरी. वारं सुटलंय."

आणि तिने काच वर केली.