सहा इंच वर

माझ्या मुलाला माझ्याकडून पिकअपची किल्ली काढून घ्यायची होती, पण तसं तोंडाने सांगायची त्याची छाती नव्हती. म्हणून त्याने अख्खी गाडीच उंच करायचं ठरवलं. माणसाला माळ्यावर चढू द्यायचं नसेल तर तसं सांगावं. हा गुपचूप शिडी काढून घ्यायला निघाला होता.

मला हे कळलं ते खिडकीतून. सकाळी चहा घेत उभा होतो, तर हा पठ्ठ्या गाडीच्या दाराशी उकिडवा बसून जमिनीपासून दाराच्या उंबऱ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजत होता. मोजून झाल्यावर त्याने वर माझ्या खिडकीकडे पाहिलं आणि घाईने टेप खिशात घातली. माझा डावा गुडघा किती वर उचलला जातो हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. जिना चढताना मी कुणाकुणाच्या नावाने खडे फोडतो, तेही.

जेवताना त्याने साळसूदपणे विषय काढला.

"बाबा, आपल्या गाडीला लिफ्ट किट बसवून घेऊ म्हणतो. गाडी उंच होईल."

"कशाला?"

"साइटवरचे रस्ते बघताय ना. खाली घासते गाडी."

"इतकी वर्षं मी चालवतोय, कधी घासली नाही. आत्ताच बरी घासायला लागली?"

सूनबाईने आमटी वाढायला मान खाली घातली ती वर केलीच नाही. म्हणजे बेत दोघांचा होता. मी म्हणालो, "बसवू की. मीही येतो गॅरेजला. किट मीच निवडतो." त्याचा घास तोंडातच राहिला.

आमचा काचेचा धंदा आहे. खिडक्यांच्या, दारांच्या, दुकानांच्या दर्शनी भागाच्या काचा कापायच्या आणि साइटवर पोचवायच्या. ऑर्डरी आणि मापं आता मुलगा बघतो. गाडी माझ्याकडे असते. बाजारात मला सगळे उस्ताद म्हणतात, कारण माझ्या गाडीतून उतरलेल्या काचेला तडा गेलेला कुणी पाहिला नाही. ही गाडी काढून घेतली तर मी कोण? दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसलेला म्हातारा, येणाऱ्याजाणाऱ्याला "आत जा, मुलगा आहे" एवढं सांगणारा. मला ते मंजूर नव्हतं, मरेपर्यंत मंजूर होणार नव्हतं.

आणि हे सगळं महाभारत कशावरून, तर नातीच्या तीनचाकी सायकलवरून. महिन्यापूर्वी मी फाटकातून गाडी बाहेर काढत होतो आणि सायकल बंपरखाली आली. नात बाजूला पडली, कोपर खरचटलं, बस्स. एकदम मध्ये आली. पोरं येतातच मध्ये. मी तिथल्या तिथे सगळ्यांना तसं सांगितलं आणि कुणी अवाक्षर काढलं नाही. उजव्या डोळ्याला मला कधीकधी धुरकट वाटतं, पण या वयात ते कुणाला वाटत नाही? त्याचा बभ्रा करायचं कारण नव्हतं. मला वाटलं प्रकरण मिटलं. मुलगा मात्र त्या दिवसापासून मूग गिळून बसला होता.

दुसऱ्या दिवशी गॅरेजला गेलो. गाडी मीच चालवली. तो शेजारी पाय असा रोवून बसला होता, जणू ब्रेक त्याच्याच पायाखाली आहे.

गॅरेजवाला गोलमटोल, हसरा आणि बोलायला लागला की थांबायचं नाव न घेणारा. त्याने तीन किट लांबलचक टेबलावर मांडून ठेवली होती.

"हे बघा साहेब, हे दोन इंचाचं, साधं. स्प्रिंगवर नुसते ठोकळे बसतात. हे चार इंचाचं, यात शॉक नवे, मागचे स्प्रिंगचे पाटे नवे. आणि हा आपला राजा, सहा इंचाचा. सगळंच बदलतं. चाकंही मोठी घालायची. गाडी अशी उभी राहते की समोरचा आपणहून रस्ता सोडतो."

"सहाचं," मुलगा म्हणाला. नळाची तोटी घ्यायला चार दुकानं फिरणारा माणूस, त्याने इथे भावसुद्धा विचारला नाही.

"काचा कोण चढवणार? तुझा सासरा?" मी विचारलं. "हौदा एवढा वर गेला की हमालांनी काच छातीपर्यंत उचलायची? आणि वळणावर गाडी झुलली की उभ्या काचा काय करतील, ते माहीत आहे का तुला?"

"काकांना गाडीतलं कळतं बरं का," गॅरेजवाला म्हणाला.

"काकांना सगळंच कळतं," मुलगा म्हणाला. "फक्त..."

"फक्त काय?"

"काही नाही."

हे त्याचं लहानपणापासूनचं. बोलायचं, अर्ध्यावर सोडायचं आणि दुसऱ्याने उरलेलं ओळखून गप्प बसावं अशी अपेक्षा ठेवायची. त्याच्या आईने हे लाड चालवून घेतले. मी नाही.

गॅरेजवाल्याला बिचाऱ्याला कशाचा पत्ता नव्हता. तो उत्साहाने म्हणाला, "दाराखाली पायदान लावून देतो. सहा इंचाला लागतंच. नाहीतर काका चढणार कसे?"

"पायदान नको," मुलगा म्हणाला.

इतक्या झटकन म्हणाला, की गॅरेजवाल्याचं हसू तसंच राहिलं. त्याने माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे, मग हातातल्या फडक्याकडे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सांग की त्यांना," मी म्हणालो. "काकांनी चढूच नये म्हणून चाललंय हे सगळं, असं सांग."

"बाबा, इथे नको."

"इथेच! घरी तुला तोंड फुटत नाही. किल्ली हवी ना तुला? मग माग. सरळ हात पुढे करून माग, देतो. मी काय किल्ली छातीशी धरून सरणावर जाणार आहे? पण हे असले चोरटे धंदे माझ्याशी करायचे नाहीत. बापाला फसवायला लोखंड विकत घेतोस?"

"मागितली असती तर दिली असतीत?"

"मागून तर बघ."

त्याने मान फिरवली. भित्रा. खरं सांगतो, मला आनंद झाला. आता त्याला पुरता लोळवल्याशिवाय सोडायचं नाही असं मी ठरवलं.

नमुना म्हणून सहा इंच उचललेली एक पिकअप तिथेच शटरकडे तोंड करून उभी होती. मी म्हणालो, "चढ." तो चढला. दरवाजाच्या कडीला लोंबकळत, दोन झटक्यांत चढला. मी कोपऱ्यातलं ऑइलचं रिकामं पिंप गडगडत आणलं, त्या गाडीच्या नाकासमोर उभं केलं आणि वर एक डबा ठेवला. बरोबर आमच्या नातीएवढी उंची झाली.

"काय दिसतंय?"

"बॉनेट. शटर."

"बॉनेटसमोर काय आहे?"

त्याने मान उंचावली, सीटवरून अर्धवट उठून पाहिलं. "काही दिसत नाही."

"तुझी पोर आहे! एवढीच आहे ती, आणि इथे उभी आहे. मला खाली उतरवायच्या नादात तू तिला..."

"तसा पुढे कॅमेरा लावता येतो," गॅरेजवाला पुटपुटला. आम्ही दोघांनी एकदम त्याच्याकडे पाहिलं, तसा तो फडक्याने हात पुसायला लागला.

मी जिंकलो होतो. मुलगा स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहिला. मग खाली उतरला, सावकाश. त्याने पिंपावरचा डबा काढून बाजूला ठेवला आणि पिंप ढकलत ढकलत गाडीपासून लांब, पार शटरपाशी नेऊन उभं केलं.

"ती बंपरपाशी नव्हती, बाबा. इथे होती. फाटकाला लागून."

"एकदम मध्ये आली."

"मध्ये आली नाही. उभी होती. सायकलवर बसून घंटी वाजवत होती. तिच्या आईने स्वयंपाकघरातून पाहिलं." त्याचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे मला तो जास्त टोचला. "त्या दिवशी तुम्ही झोपल्यावर मी फाटकापाशी बादली ठेवली आणि आपल्या गाडीत बसून पाहिलं. तुमच्याच सीटवर. सीट मागेपुढे न करता. बादलीसुद्धा दिसते, बाबा. कडीसकट दिसते."

"डोळ्यावर ऊन होतं."

"फाटकाला सकाळी सावली असते."

गॅरेजवाल्याने आमच्याकडे पाठ केली आणि आधीच नीट मांडलेले शॉक पुन्हा मांडायला लागला. ती घंटी मी ऐकली होती. स्वच्छ ऐकली होती. मला वाटलं होतं, बाहेर रस्त्यावर कुणी तरी वाजवतंय. हे मी सूनबाईला सांगितलं नव्हतं, मुलाला नव्हतं, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर स्वतःलाही सांगू देत नव्हतो.

"किल्ली द्या, बाबा."

त्याने हात पुढे केला. सरळ, मी सांगितलं होतं तस्सा. त्याला भित्रा, चोरटा, काय काय म्हणून झालं होतं माझं, आणि आता तो हात समोर आला तेव्हा त्याने तो मागे घ्यावा म्हणून मी काहीही दिलं असतं. माझा हात खिशात गेला. बोटं किल्लीवर घट्ट बसली आणि बाहेर येईनात.

"घरी गेल्यावर देतो."

"घरी गाडी कोण नेणार?"

मी किल्ली काढली. त्याच्या हातात दिली नाही, टेबलावर त्या सहा इंचाच्या किटशेजारी आपटली. "घे. झालं समाधान?" असं म्हणालो.

त्याने गॅरेजवाल्याला सांगितलं, "काही नको आम्हाला. गाडी आहे तशी ठीक आहे."

मी सवयीने चालवायच्या बाजूला गेलो. दाराच्या कडीला हात घातला, मग वळसा घालून दुसरीकडे जाऊन बसलो. पट्टा शोधायला हात भलत्याच खांद्यावर गेला. मुलाने वाकून पट्टा ओढून लावून दिला. मी त्याचा हात झटकला, पट्टा सोडला आणि पुन्हा स्वतः लावला.

त्याने गाडी गॅरेजच्या तोंडाशी आणून उभी केली. पुढे रस्ता होता. आयुष्यभराची खोड, मी दोन्हीकडे पाहिलं आणि म्हणालो, "मोकळा आहे. काढ."

त्याने काढली नाही. उजवीकडून एक स्कूटर आली आणि आमच्या बंपरसमोरून गेली. वर एक बाई होती, तिच्यामागे शाळेची पिशवी पाठीला लावलेला मुलगा. ती अगदी समोर येईपर्यंत मला दिसली नव्हती.

मुलाने माझ्याकडे पाहिलं नाही. एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.