फळ्यांवरची होडी

आमच्या घरात माणसांपेक्षा होडीचे लाड जास्त, हे लग्न होऊन आले तेव्हाच मी ओळखलं. माझं माहेर जुन्नरच्या डोंगरातलं. तिथं उन्हाळ्यात पाणी बघायचं ते हंड्यात, आणि इथं डिंभ्याला दारासमोर अख्खं धरण. सासरे गेणभाऊ, म्हणजे आमचे आबा, आणि सासूबाई सुंदरा, मी त्यांना आत्या म्हणायची. दोघं मिळून धरणात जाळी टाकायचे. धरणाचं पाणी काही एका जागी राहत नाही. दिवाळीला अंगणाशी येतं, चैत्रात पार खाली जातं. म्हणून होडी दोन चाकांच्या ट्रॉलीवर ठेवायची आणि पहाटे उतारावरून पाण्यापर्यंत न्यायची.

ट्रॉलीवर लाकडी फळ्या होत्या. फळीवर होडी घट्ट बसते, हाताने ढकलून हलत नाही. सगळी ट्रॉलीच पाण्यात घालावी लागते, मग होडी तरंगून वर येते. ते एकट्याचं काम नाही. आबा वर करंजाच्या झाडाला दोरीचा वेढा देऊन ती हळूहळू सोडायचे. आत्या खाली कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून ट्रॉलीला वळण द्यायच्या, आणि होडी सुटली की ओरडायच्या, "सुटली बघा!" रोज त्यावरून भांडण. दोरी लवकर सोडली, नाहीतर उशिरा सोडली. मी चुलीपुढे बसून ऐकायची आणि हसायची.

दोन वर्षांपूर्वी आत्या काविळीनं गेल्या.

दहाव्याला पाण्याच्या कडेला पिंड ठेवला तर कावळा शिवेना. करंजावर बसून राहिले मेले, खाली यायचं नाव नाही. माझा नवरा कुंडलिक म्हणाला, "आई, आबांना सांभाळीन." भावकीतल्यांनी कायकाय कबूल केलं. कावळा ढिम्म. शेवटी आबा पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, "सुंदरा, तुजी होडी वाळू देणार न्हाई. रोज पाण्यात घालीन." आणि कावळा उतरला. मी या डोळ्यांनी पाहिलंय.

शब्द तर दिला, पण एकटा माणूस होडी घालणार कशी? आबांनी ट्रॉली घोडेगावला चांगदेवच्या वेल्डिंगच्या दुकानात नेली. त्यानं फळ्या काढून रबरी रोलर बसवले. पुढचा हूक सोडायचा आणि होडीला नुसता हात लावायचा, घसरगुंडीवरून पोर जावं तशी ती पाण्यात. पहिल्या दिवशी आबा रिकाम्या ट्रॉलीकडे बघत बराच वेळ उभे होते. "आता दुसरं माणूस लागत न्हाई," म्हणाले. मी आत जाऊन रडले.

मग आबा विसरायला लागले. आधी चहा पिऊन पुन्हा चहा मागायचे, आम्ही थट्टा करायचो. या फाल्गुनात मात्र वल्ही घरीच ठेवून होडी पाण्यात सोडली. वाऱ्यानं पलीकडच्या काठाला नेली, तिथल्या लोकांनी आणून पोचवलं. मी आबांना इतकी बोलले की शेजारीण मध्ये पडली. पुढच्याच आठवड्यात ते भर पाण्यात सापडले. जाळं होडीतच, आणि जानकू म्हणून एक मासेमारी करणारा भेटला त्याला विचारत होते, "भाऊ, माजं घर कुठल्या अंगाला रं?"

मंचरचे डॉक्टर म्हणाले, यांना एकटं सोडू नका. सांगायला काय जातं! कुंडलिक पहाटेच जीप घेऊन घोडेगावला जातो, मला रान असतं. माणसाला काय दावं लावायचं? होडी विकावी तर कावळ्याला दिलेला शब्द आडवा येतो.

तेव्हा ही अक्कल मला सुचली, माझी मलाच. रोलर काढून पुन्हा फळ्या बसवायच्या. होडी विकायची नाही, दारातच राहील, म्हणजे शब्द अगदीच मोडला असं व्हायचं नाही, आणि एकट्या आबांना ती हलणारही नाही.

चांगदेव जांभळाच्या फळ्या घेऊन आला. जांभूळ पाण्यात कुजत नाही. रोलर खोलून त्यानं फळ्या बोल्टांनी आवळल्या, वरून मांडववाल्याची जुनी हिरवी मॅट गुंडाळली, म्हणजे होडीच्या बुडाला चरे पडायचे नाहीत. होडी वर चढवली. "आबा, झ्याक बसली का?" चांगदेवनं विचारलं.

आबांनी फळीवरून हात फिरवला. असा फुललेला चेहरा मी दोन वर्षांत पाहिला नव्हता. "हां," म्हणाले, "आता व्हती तशी झाली." त्या रात्री पोटभर जेवले. मी खूश. स्वतःचीच पाठ थोपटून घ्यायची तेवढी राहिली.

सकाळी बघते तर आबा करंजाशी बसलेले. अंघोळ केलेली, धुतलेली टोपी, दोरीचा वेढा झाडाला घातलेला, टोक हातात. ऊन वर आलं होतं. मी चहा नेला.

"सुंदराला आवाज दे गं," आबा म्हणाले. "आज लईच येळ लावला तिनं."

मी चहा त्यांच्यापाशी ठेवला आणि होडीकडे पाहिलं.

एकट्यानं होडी ढकलताना रोज सकाळी आबांना कळत होतं की आत्या नाहीत. डोकं विसरलं तरी हातांना ठाऊक होतं. रोलर काढताना मी तेही काढून टाकलं होतं. आता खाली फळ्या होत्या, आणि फळ्या म्हटलं की दुसऱ्या टोकाला सुंदरा आलीच.

मी फोन केला तसा कुंडलिक जीप सोडून परत आला आणि त्यानं सांगून टाकलं. "आबा, आई गेली. दोन वर्सं झाली."

आबांनी टोपी काढली. मग जे रडले ते बघवेना, सगळं आजच घडल्यासारखं. "मला कसं न्हाई सांगितलं रं कुणी?" पुन्हा पुन्हा तेच. दुपारी थोडे शांत झाले तेव्हा मला जवळ बोलावलं. "कावळा शिवला का तिला?"

"शिवला, आबा."

"कायतरी कबूल केलं आसंल मी."

मी चुलीचं निमित्त करून उठले. सांगितलं असतं तर उठून होडीकडे गेले असते. त्या दिवशी त्यांनी अन्नाला हात लावला नाही.

आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा धुतलेली टोपी, हातात दोरी. "सुंदराला आवाज दे."

कुंडलिक त्या दिवशी घरीच थांबला होता; तो चप्पल घालून निघाला, पुन्हा सांगायला. मी त्याचा शर्ट धरला. "न्हाई सांगायचं. एका मानसाची बायको रोज मारायची काय?"

"मंग रोलर लावू परत?" तोही रडकुंडीला आलेला.

रोलर लावले तर आत्या गेल्याचं आबांना कळेल, आणि एक दिवस आबाही जातील, वल्ही घरी ठेवून. फळ्या ठेवल्या तर जीव राहील, पण रोज त्या झाडाखाली बसून वाट बघतील. इकडे आड, तिकडे विहीर. मला आबा हवे होते. मग काय करायचं ते मलाच करायला हवं होतं.

मी पदर खोचला आणि उतारावरून खाली गेले. मला पोहता येत नाही. पाणी गुडघ्याला लागलं. तशीच ट्रॉलीच्या मागे जाऊन उभी राहिले.

"सुप्रिया, तू कुठं तिथं?" आबा वरून ओरडले. "ती सुंदराची जागा हाये!"

"म्हाईत हाये, आबा."

"तिला इचारलंस का?"

मी करंजाकडे पाहिलं. झाडावर एकही कावळा नव्हता.

"इचारलं."

"काय म्हणाली?"

"धर म्हणाल्या."

आबांनी झाडावरचा वेढा चाचपला. मग दोरी सैल झाली. चाकं फिरली, ट्रॉली माझ्याकडे यायला लागली, पाणी कमरेला आलं. फळीवरून होडी हलकेच उचलली गेली. आता ओरडायचं होतं. मी ओरडले. "सुटली बघा!"

आबा दोरी बांधून खाली आले, वल्ही घेतली, होडीत बसले आणि मला चढायला हात दिला.

"रडती कशाला?"

"पाणी लई गार हाये, आबा."

"हां," ते म्हणाले. "सुंदरा बी हेच म्हणायची."